सात नंबरची हातोडी

फेझ, ९ ऑक्टोबर

हाज जिलाली यांस थामीचा सलाम.

नाव आठवणार नाही कदाचित, पण भिंत आठवेल. ऐन नोक्बी वस्तीत तुमच्या कारखान्यामागे कमरेएवढी पडकी भिंत होती. तिथे एक माणूस माती वाहणारी गाढवं सोडून तासन्‌तास उभा राहायचा, आणि तुमचे कारागीर त्याला विचारायचे, "काय रे, तू गाढवांना हाकतोस की गाढवं तुला?" तो मी. मला शिकवा म्हणून तुम्हाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात की झेलिजचं, लाद्या छाटून नक्षी जडवायचं काम बापाकडून मुलाकडे जातं, भिंतीवरून जात नाही. मी ते भिंतीवरूनच शिकलो. तुम्ही फेकलेले रंगीत तुकडे टोपलीत भरून घरी नेले, उलटसुलट जुळवून पाहिले, आणि आज एकतीस वर्षं त्याच कामावर जगतोय. फुशारकी म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी आहे.

लिहायचं कारण वेगळं. सप्टेंबरपासून मी शहराबाहेरच्या तुरुंगात झेलिज शिकवतो. बारा कैदी, बारा दगड, बारा हातोड्या. हातोडीवर नंबर घातलेले आहेत. वर्ग सुटला की पहारेकरी बुअज्झा आणि मी मिळून त्या फळीवर टांगतो आणि दोनदा मोजतो. बारा भरल्याशिवाय कोणी जागचा हलत नाही. सकाळी त्याच माणसांचा अक्षरवर्ग असतो, दुपारी माझा. जूनमध्ये सरकारी परीक्षा आहे. पास होईल त्याला कारागिराचा दाखला, आणि तो तुरुंगात मिळाला असं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. पहिल्या महिन्यातच मी सगळ्यांना आठकोनी चांदणी छाटायला दिली आहे.

तिसऱ्या दगडावर झुहैर बसतो. कोणाचा कोण हे त्याने सांगितलं नव्हतं. पण पहिला घाव घालण्याआधी तो लादीवर फुंकर मारतो आणि डाव्या मनगटाने ती पुसतो. असं करणारा दुसरा एकच माणूस मी पाहिलाय, भिंतीपलीकडून.

त्याने काय केलं ते मला ठाऊक आहे. बांधकामावरच्या मुकादमाशी भांडण, हातात हीच धारेची हातोडी, आणि त्या मुकादमाला उजव्या हाताने आजही चहाचा ग्लास धरता येत नाही. मी ते लहान करून सांगत नाही. सहा वर्षांच्या शिक्षेतली चार त्याने भोगली. या चार वर्षांत त्याला भेटायला कोणी आलेलं नाही. हाज, त्याला दोन ओळी लिहा.

तुमचा,
थामी

*

सला, २१ ऑक्टोबर

थामी,

सलाम. गाढववाला आठवतो.

माझ्या घरात त्या नावाचं कोणी नाही. ज्या हातोडीने आमच्या चार पिढ्यांनी मशिदींच्या भिंती नटवल्या, ती ज्याने माणसावर चालवली त्याला मी काय लिहू? कारखाना विकला, फेझ सोडलं, लेकीच्या घरी खिडकीत बसतो. पुन्हा त्याच्याबद्दल लिहू नकोस.

बाकी, पहिल्याच महिन्यात चांदणी? अक्कल त्या भिंतीवरच ठेवून आलास वाटतं. दोन महिने नुसता चौकोन छाटायला दे. चारही बाजू बोटाला सारख्या लागेपर्यंत. ज्याचा चौकोन चुकतो त्याची चांदणी सोळा ठिकाणी चुकते. आणि तुकड्याची कड मागून किती तिरपी छाटतोस ते लिहिलं नाहीस. कमी तिरपी ठेवलीस तर समोरून फटी दिसतील. फटीचं काम माझ्या डोळ्यांना सहन होत नाही, पत्रातसुद्धा.

लादीबद्दल लिहिणार असशील तर लिही. इथे मला दुसरा उद्योग नाही. बातूल टीव्ही लावून देते, त्यात सगळे एकमेकांवर ओरडत असतात.

जिलाली

*

फेझ, ६ नोव्हेंबर

हाज जिलाली यांस,

चांदणी बंद केली, चौकोन सुरू केले. वर्गाने आठवडाभर माझ्याशी नीट बोलणं सोडलं होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून केलं असं मी त्यांना सांगितलेलं नाही. शिक्षकाची थोडी अब्रू राहायला हवी.

मग काल पहिला छोटा तक्ता उलटला, हातभर लांब, हातभर रुंद. तुम्हाला सांगायला नको, पण बुअज्झाला सांगावं लागलं की तुकडे झिलईची बाजू खाली ठेवून जुळवतात. वर दिसते ती फक्त मातीची पाठ, सगळी एकाच राखी रंगाची. कुठे हिरवा गेला, कुठे पांढरा, ते जुळवणाऱ्याने डोक्यात धरायचं. मागून गिलावा ओतायचा, वाळू द्यायचा, आणि मग उलटायचं. तोवर आपण काय केलंय हे आपल्यालाही दिसत नाही. बुअज्झा म्हणाला, "म्हणजे पोटुशी बाईसारखंच की!" सगळे हसले. मीही हसलो, पण उपमा बरोबर आहे.

तर तक्ता उलटला, आणि मधोमध एक तुकडा पाठ दाखवून बसलेला, चकचकीत हिरव्यात मातकट डाग. हम्मादीचं काम. हम्मादी अठ्ठावन्न वर्षांचा, मेंढरांचा दलाल, डाव्या कानाने बहिरा. सप्टेंबरात त्याला अलिफसुद्धा काढता येत नव्हता. मला वाटलं आता हा खचणार. त्याने त्या डागाकडे बघितलं आणि म्हणाला, "हा मी. बाकीचे सगळे शहाणे." मग कोळशाचा तुकडा घेतला आणि तक्त्याच्या पाठीवर स्वतःचं नाव लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा, तिरकं, पण पूर्ण. अक्षरवर्गाची बाई दारात उभी होती. तिने तोंडावर ओढणी धरली. हाज, मी मोठमोठ्या घरांची कारंजी मढवली आहेत. एवढा अभिमान मला कशाचा वाटला नव्हता.

तिसऱ्या दगडावरच्या विद्यार्थ्याचं नाव घेत नाही. एवढंच लिहितो की त्याने हम्मादीला बाजूला घेतलं आणि डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने झिलई कशी ओळखायची ते शिकवलं. मी तसं सांगितलं नव्हतं.

कड मी दोन दाणे तिरपी छाटतो. बरोबर?

थामी

*

सला, २२ नोव्हेंबर

थामी,

दोन दाणे ही काय मापाची तऱ्हा झाली? कसले दाणे? गव्हाचे की डाळिंबाचे? अंगठ्याचं नख कडेत अडकलं पाहिजे, एवढी तिरपी.

त्या म्हाताऱ्याचा तक्ता फोडू नकोस. तो हिरवा चुकलेला तसाच भिंतीवर लाव.

तिसऱ्या दगडावर बसतो तो मनगट ताठ ठेवतो की अजूनही आत वळवतो? लादीच्या दृष्टीने विचारतोय. मनगट आत वळलं की हिरव्या झिलईचा टवका उडतो, कारण हिरवी ठिसूळ. खोकला असलेल्या माणसाने तर थंडीत खिडकीजवळच्या दगडावर बसूच नये, भुकटी छातीत जाते. हेही सर्वांसाठीच लिहितोय.

जिलाली

*

फेझ, १४ जानेवारी

हाज जिलाली यांस,

डिसेंबरात तुमची दोन पत्रं आली, त्यांना उत्तर दिलं नाही. कामात होतो. आज लिहितोय ते जड हाताने.

गेल्या सोमवारी वर्ग सुटताना हातोड्या अकरा भरल्या. सात नंबर नाही. सात नंबर हम्मादीची. भोंगा झाला. अकरा जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, चटया उचलल्या, चुन्याची पोती फोडली. झुहैर तिथे नव्हता. खोकल्याच्या औषधासाठी त्याला पंधरा मिनिटं आधी दवाखान्यात नेलं होतं. (नाव घेतलं, माफ करा. आता घ्यावंच लागतं.) दवाखान्यातून त्याला आणलं, विचारलं. तो म्हणाला, "बादलीत आहे." लाद्या भिजवायची बादली. वर लाद्या, खाली मातीचं गढूळ पाणी, आणि तळाला हातोडी.

अधीक्षकांनी विचारलं, बादलीत का? तो म्हणाला, "तिचं डोकं खुळखुळत होतं. आमच्यात पाण्यात ठेवतात."

अधीक्षक कडक माणूस, पण ऐकून घेणारा. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "उस्ताद, तुम्ही जाणकार. अशी रीत आहे या धंद्यात?" मी खरं ते सांगितलं. एकतीस वर्षांत मी हातोडी पाण्यात घातलेली पाहिलेली नाही. लोखंड गंजतं. मी तरी ती दांड्याला पाचर मारून घट्ट करतो.

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. हातोडीनेच माणूस अधू केलेला कैदी, आणि लपवलेली हातोडी. दुसरं काय लिहिणार? झुहैर एकट्याच्या कोठडीत आहे. ३० तारखेला चौकशी आहे. हत्यार लपवल्याचं ठरलं तर त्याची परीक्षा गेली, शिक्षा वाढायचीही शक्यता आहे, आणि वर्ग कायमचा बंद. फळीला कुलूप आहे. हम्मादी सकाळच्या वर्गातही जात नाही.

खरं सांगू? मला त्याचा राग आलाय. मी त्याच्यावर विश्वास टाकला आणि त्याने मला वर्गासमोर तोंडघशी पाडलं. तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून विचारतो. तुमच्याकडे तसं काही होतं का?

थामी

*

सला, १८ जानेवारी

थामी,

मूर्खा.

भिंतीवरून तुला अंगण दिसत होतं, बादली दिसत नव्हती. बादली दाराच्या आत असायची, उजव्या हाताला.

माझ्या आजोबांच्या वेळी एका हातोडीचं ढिलं डोकं निसटलं आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर बसलं. त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम आहे: दिवस संपताना ज्याला ढिली हातोडी सापडेल, मग ती कोणाचीही असो, त्याने ती पाण्यात ठेवायची. दांडा रात्रभर पाणी पितो, फुगतो, डोकं घट्ट धरतो. सकाळी पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, गंज कुठला येतोय? पाचर मारतात ती गाढववाली माणसं. पाचरीने दांडा चिरतो.

झुहैरला मी हा नियम कसा शिकवला ते सांगतो. एकदा तो विसरला, तर मी दुपारी सगळ्यांबरोबर त्याला जेवायला बसू दिलं नाही. सगळे बिसारा ओरपत होते आणि हा बादलीपाशी उभा. तो विसरणार नाही.

आणि तू लिहिलंस ते तू स्वतः वाचलंस का? सात नंबर हम्मादीची. ती त्याची हातोडी नव्हतीच. एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या हातात उद्या ढिलं डोकं नको, कोणाला लागायला नको, म्हणून त्याने ती उचलली. ज्याने एका माणसाचा हात मोडला त्याने. तुझ्या हे लक्षात आलं नाही? मला तुझं पत्र तीनदा वाचावं लागलं, कारण दुसऱ्यांदा वाचताना चष्मा धुरकटला.

सोबतचं पत्र अधीक्षकांना दे. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः जा. तुरुंगात चालत जायला काय झालं? तशीही गाढवांबरोबर चालायची सवय आहे तुला.

जिलाली

[सोबतचं पत्र]

तुरुंगाचे अधीक्षक यांस,

मी जिलाली, फेझ शहरातला झेलिजचा कारागीर, वय अडुसष्ट. माझ्या कारखान्यात ढिली हातोडी रात्रभर लाद्यांच्या बादलीत ठेवण्याचा नियम आजोबांपासून होता. कारखान्यात शिकलेले आमच्या घराण्यातले नऊ कारागीर आज हयात आहेत, त्यांची नावं आणि पत्ते मागच्या बाजूला लिहिले आहेत. कोणालाही विचारा. माझ्या शब्दावर विसंबू नका, एक ढिली हातोडी रात्रभर पाण्यात ठेवून बघा.

हा नियम बाहेरच्या कोणाला माहीत असायचं कारण नाही. ज्याला माहीत आहे तो माझ्या घरात वाढलेला आहे. झुहैर माझा मुलगा आहे.

*

फेझ, ३ फेब्रुवारी

हाज जिलाली यांस,

चालतच गेलो.

अधीक्षकांनी पत्र दोनदा वाचलं, मागची नावं वाचली, आणि त्यातल्या दोघांना फोन लावला. एकाने तर विचारलं म्हणे, "का हो, हाज अजून कोणाला उपाशी ठेवतोय काय?" तरी त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी बुअज्झाकरवी सात नंबर पाण्यात ठेवली, बादलीवर झाकण, झाकणावर मोहोर. सकाळी मोहोर तोडली. बुअज्झाने हातोडी पुसली आणि दगडावर एवढ्या जोराने हाणली की दगडाचा टवका उडाला. डोकं जागचं हललं नाही. बुअज्झाने डोकं हाताने ओढून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, घरच्या कुऱ्हाडीलाही हेच करतो."

३० तारखेची चौकशी दहा मिनिटांत संपली. हत्यार लपवल्याचा ठपका काढला. न विचारता जागा बदलली, एवढ्यावर समज दिली. वर्ग परवा पुन्हा सुरू झाला. मोजणीच्या वहीत अधीक्षकांनी स्वतःच्या हाताने नवा रकाना आखलाय: "पाण्यात". आता फळीवरच्या आणि पाण्यातल्या मिळून बारा भराव्या लागतात.

आता माझं. पहिल्या दिवशी वर्ग भरला तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो की उस्ताद चुकला. आपल्याला माहीत नाही ती गोष्ट नसतेच, असं धरून चालला. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाला ही खोड असते. जे शिकलो ते सगळं मीच शोधलं असं वाटतं, आणि जे दिसलं नाही ते कुणी लपवलं असंही. झुहैर मान खाली घालून बसला होता. हम्मादीला ऐकू आलं नाही. तो शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हणतोय? काय म्हणतोय?" शेजारी त्याच्या उजव्या कानात ओरडला, "माफी मागतोय!" हम्मादी म्हणाला, "कोणाची? माझी तर हातोडी गेली होती!"

तुमचं पत्र आता सरकारी कागदात गेलं, ते त्याला देता आलं नाही. अधीक्षकांनी वाचून दाखवलं. त्याने एकच मागितलं, शेवटची ओळ परत वाचायची. त्यांनी वाचली. मग त्याने विचारलं, "पुसून तेल लावलं का हातोडीला?" लावलं होतं.

परीक्षा १२ जूनला. प्रत्येकाने स्वतःचा तक्ता परीक्षकांसमोर उलटायचा. त्या खोलीत शिक्षकाला जायला मनाई आहे, मला बाहेर उभं राहावं लागणार. घरच्या एका माणसाला मात्र आत सोडतात. फाटकावर नातं लिहून द्यावं लागतं. मी फक्त नियम कळवतोय.

थामी

*

सला, १६ जून

थामी,

तू बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा होतास, मी पाहिलं. परीक्षा संपल्यावर भेटायला थांबलो नाही, कारण गाडी होती. हे खोटं आहे, गाडीला दोन तास होते. बोलता येईल असं वाटेना. दाखला कोणाकोणाला मिळाला ते तुला कळलंच आहे, बारांपैकी दहा. हम्मादी आणि झुहैर धरून. आत काय झालं ते मात्र तुला माहीत नसणार, म्हणून लिहितो.

फाटकावर तुझा तो बुअज्झा बसला होता. म्हणाला, "नातं?" मी म्हणालो, "माझं नाक बघ, त्याचं नाक बघ." तो म्हणाला, "हाज, नाकाला रकाना नाही." बातूल मागे उभी होती. मी म्हणालो, "बाप. लिही." तो म्हणाला, "तुम्हीच लिहा, मला तो रकाना भरायला बंदी आहे." मी लिहिलं. चार वर्षांत तो शब्द लिहिला नव्हता, एका पत्रात सोडून, आणि तिथेही दुसऱ्या बाजूने, 'मुलगा' असा लिहिला होता.

आत तो तिसरा उभा होता. केस पांढरे झालेत कानांपाशी. पस्तिशीतला माणूस. त्याने मला पाहिलं आणि सलाम केला नाही, कारण दोन्ही हात तक्त्याखाली होते. परीक्षक म्हणाले, उलटा. त्याने फुंकर मारली. तक्त्याच्या पाठीवर कोण फुंकर मारतं? सवय. मग उलटला.

सोळा पाकळ्यांची चांदणी, भोवती पांढरी साखळी, काळा काठ. मी जवळ गेलो. नख घातलं फटीत. गेलं नाही. दुसरीकडे घातलं. गेलं नाही. परीक्षक म्हणाले, "हाज, परीक्षक तुम्ही की आम्ही?" काठातला उजवीकडचा तिसरा काळा तुकडा केसभर जाड आहे. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. रात्री झोपताना कळलं, तेव्हा गिलावा ओतून झाला होता." मग आम्ही दोघे त्या तिसऱ्या काळ्या तुकड्याकडे बराच वेळ बघत उभे राहिलो. दुसरीकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्याने मुकादमाला पत्र लिहिलंय म्हणाला, अक्षरवर्गाच्या बाईंना दाखवून. उत्तर आलेलं नाही. येणार नाही कदाचित. मी म्हणालो, उत्तरासाठी लिहिलं असशील तर ते पत्र नव्हे. तो म्हणाला, "उत्तरासाठी नाही लिहिलं, अब्बा."

तुझ्याबद्दल एक राहिलं. भिंतीपलीकडे तू उभा असायचास ते मला ठाऊक होतं. शिकवणं आमच्या रिवाजात बसत नव्हतं आणि रिवाज मोडायची माझी छाती नव्हती. पण तुकडे बाहेर टाकायची टोपली मी स्वतः भरायचो, आणि त्यात दर वेळी एकदोन न फुटलेले, नीट छाटलेले घालायचो. ते तुला कुठून मिळाले असं वाटलं तुला? एवढ्या वर्षांत विचारलं नाहीस. तू जे काम केलंस ते मला जमलं नसतं. मी फक्त माझ्या घरातल्यांना शिकवलं. तू ज्यांना कोणी घरात घेत नाही त्यांना शिकवतोस.

पाचर मात्र मारू नकोस.

सल्याला परत आल्यावर माझी जुनी हातोडी काढली. चार वर्षं कोरडी पडली होती. दांडा वाळून डोकं खुळखुळत होतं. बातूलच्या धुण्याच्या बादलीत ठेवली. सकाळी ती ओरडत आली, "अब्बा, माझ्या बादलीत हे काय?" मी म्हणालो, राहू दे. तो सुटेपर्यंत दर महिन्याला एक रात्र ठेवावी लागणार आहे.

जिलाली